लिनक्ससाठी लॅपटॉप पारखावा कसा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा व्यापारी पोत्यावरची अक्षरे वाचून भाव बोलत नाही. तो पोत्यात हात घालतो, एखादे हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो आणि मग बोलतो. लॅपटॉप घेताना आपण नेमके उलटे करतो. झाकणावरचे नाव, खोक्यावरचे चित्र आणि दुकानदाराने सांगितलेले दोन-तीन आकडे एवढ्यावर तीस-चाळीस हजार रुपयांचा सौदा ठरून जातो.

विंडोजच वापरायचे असेल, तर हे एक वेळ खपून जाते, कारण यंत्र आणि विंडोज यांचे जुळवून देण्याचे काम कारखान्यातच झालेले असते. पण तुम्हांला लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली वापरायची असेल, तर हे जुळवणे तुमच्यावर येते. एका लॅपटॉपवर लिनक्स पंधरा मिनिटांत बसते आणि सारे काही चालते. शेजारच्या, त्याच किमतीच्या लॅपटॉपवर वायफाय दिसत नाही किंवा झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा काळाच राहतो. असे का व्हावे? आणि पैसे देण्याआधी हे ओळखता येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, की दुसऱ्याचे आपोआप मिळते.

हा प्रश्न नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांपुरताच नाही. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तिच्यानंतरच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा प्रोसेसर असलेले बहुतेक लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. म्हणजे घरातला, शाळेतला एखादा धडधाकट लॅपटॉप केवळ प्रणालीअभावी कपाटात जाणार. त्याला लिनक्सवर पुन्हा उभे करता येईल का, हाही आपल्या पारखण्याचाच प्रश्न आहे.

आधी थोडे कार्यप्रणालीविषयी

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, ही यंत्र आणि आपण वापरतो ते निरनिराळे प्रोग्रॅम यांच्यामधली कारभारीण असते. कोणत्या प्रोग्रॅमला किती स्मृती द्यायची, प्रोसेसर आता कोणाचे काम करील, फाइल डिस्कवर नेमकी कोठे ठेवायची, हे सारे ती ठरवते. विंडोज ही अशी एक प्रणाली. ॲपलच्या संगणकांवर असते ती दुसरी. लिनक्स तिसरी.

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकावर लिहायला सुरुवात केली. त्याने तो जगापुढे खुला ठेवला. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने त्याला येऊन मिळाली आणि एक पूर्ण प्रणाली उभी राहिली. तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, वाटता येते. म्हणून हा गाभा घेऊन अनेकांनी आपापली जुळणी तयार केली. अशा जुळणीला ‘डिस्ट्रो’ म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही त्यांतील काही नावे. आपल्याकडे सी-डॅकने ‘बॉस’ ही डिस्ट्रो तयार केली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून तर जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक लिनक्सवर चालत आले आहेत.

ज्या प्रणालीवर महासंगणक चालतो, ती आपल्या लॅपटॉपच्या वायफायपाशी अडते. हे आश्चर्य वाटण्याजोगे आहे खरे.

यंत्रातले दुभाषी

लॅपटॉप ही एक वस्तू नाही. ती आठ-दहा निरनिराळ्या कारखान्यांच्या चिप्सची मोट आहे. प्रोसेसर एकाचा, वायफाय दुसऱ्याची, आवाजाची चिप तिसऱ्याची, बोटाचा ठसा ओळखणारी चौथ्याची. झाकणावर ज्या कंपनीचे नाव असते, ती बहुतेक वेळा हे भाग विकत घेऊन एकत्र बसवते.

आता एक वायफायची चिप घ्या. तिच्यात ‘रजिस्टर’ नावाचे छोटे छोटे कप्पे असतात. अमुक कप्प्यात अमुक संख्या लिहिली की रेडिओ सुरू होतो, तमुक कप्प्यात लिहिली की वाहिनी बदलते. पण कोणत्या कप्प्यात काय लिहायचे, हे प्रत्येक कारखान्याचे वेगळे. दोन घरांतले विजेचे बोर्ड आठवा. दोन्ही बोर्डांवर सहा-सहा बटणे सारखीच दिसतात, पण तुमच्या घरी तिसऱ्या बटणाने पंखा लागतो, तर शेजारी त्याच बटणाने अंगणातला दिवा लागतो. बाहेरून पाहून हे कळत नाही, घरातल्या माणसाला विचारावे लागते.

‘अमुक वायफायला जोड’ ही कार्यप्रणालीची आज्ञा त्या विशिष्ट चिपच्या भाषेत सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ‘ड्रायव्हर’. त्याला आपण दुभाषा म्हणू. आपल्या लेखाचे सार या एका शब्दात आहे. लॅपटॉपवर लिनक्स चालते की नाही, याचा अर्थ त्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या चिपसाठी लिनक्सकडे दुभाषा आहे की नाही, एवढाच असतो.

विंडोजसाठी हा दुभाषा चिप बनवणारी कंपनी स्वतःच लिहून देते, कारण तिथे ग्राहक मोठा. लिनक्ससाठी काही कंपन्या लिहितात, काही नुसती माहिती देतात आणि काही दोन्ही करत नाहीत. अशा वेळी स्वयंसेवकांना चिपचे वागणे बाहेरून न्याहाळून तिची भाषा ताडावी लागते. ते काम महिनोन्‌महिने चालते.

खुल्या संगणकप्रणालीच्या चळवळीचा उगमच मुळी अशा एका दुभाष्याच्या भांडणात आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती, की कागद अडकला तर तो छापायला देणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना उमटे. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता मात्र त्यांना मिळाली नाही. मागितली तरी नकारच मिळाला. कागद अडकत राहिला, माणसे ताटकळत राहिली आणि स्टॉलमन यांच्या मनात ‘ग्नू’चे बीज पडले.

प्रत्येक चिपचा नंबर

गाभ्याला कसे कळते, की समोर कोणती चिप आहे? लॅपटॉप सुरू होताना गाभा आतल्या तारांवरून प्रत्येक जागी विचारणा करतो, ‘तू कोण?’ त्यावर चिप दोन संख्या सांगते. पहिली तिच्या कारखान्याची, दुसरी तिच्या मॉडेलची. प्रत्येक संख्या सोळा बिटांची असते, म्हणजे ० ते ६५,५३५ पर्यंतची कोणतीही. गाभ्याजवळ एक लांबलचक यादी असते. कोणत्या जोडीला कोणता दुभाषा, हे त्या यादीत लिहिलेले असते. जोडी सापडली की दुभाषा कामाला लागतो. नाही सापडली, तर ती चिप लॅपटॉपमध्ये असून नसल्यासारखी.

या संख्या षोडशमान पद्धतीत लिहितात. तिथे दहा ते पंधरा या किमतींसाठी ए ते एफ ही रोमन अक्षरे वापरतात. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे. याच नावाच्या त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरवरून आजच्या बहुतेक लॅपटॉपांचे घराणे सुरू झाले. षोडशमानातल्या या ८०८६ ची नेहमीची किंमत किती?

८ × ४०९६ + ० × २५६ + ८ × १६ + ६ = ३२,९०२.

रियलटेकचा क्रमांक १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, एनव्हिडियाचा १०डीई, एएमडीच्या चित्रचिपांचा १००२. यांच्या किमती तुम्ही काढून पाहा.

हा नंबर तुम्हांला प्रत्यक्ष वाचताही येतो. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क ॲडॉप्टर्स’ खाली वायफायच्या नावावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डीटेल्स’ आणि तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्ही-ई-एन या अक्षरांपुढची चार चिन्हे कारखान्याची आणि डी-ई-व्ही पुढची चार मॉडेलची. ‘या नंबरची चिप लिनक्सवर चालते का?’ असा शोध घेतलात, तर नेमके उत्तर मिळते. ‘अमुक कंपनीचा लॅपटॉप लिनक्सवर चालतो का?’ या प्रश्नाला तसे उत्तर नसते, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या वेळी वेगळ्या कारखान्यांच्या वायफाय चिपा बसवलेल्या असू शकतात.

प्रमाणभाषा असेल तिथे अडचण नाही

तुम्ही कोणताही पेनड्राइव्ह कोणत्याही संगणकाला लावता आणि तो चालतो. तिथे दुभाष्याची अडचण का येत नाही? कारण पेनड्राइव्ह, माउस, कीबोर्ड अशा यूएसबी उपकरणांसाठी साऱ्या जगाने मिळून एकेक प्रमाणभाषा ठरवली आहे. ती बोलणाऱ्या सर्व उपकरणांना एकच दुभाषा पुरतो. लॅपटॉपच्या झाकणावरचा कॅमेराही बहुधा आतून यूएसबीनेच जोडलेला असतो आणि तोही प्रमाणभाषा बोलतो. मात्र अलीकडच्या काही महागड्या पातळ लॅपटॉपांत कॅमेरा थेट प्रोसेसरशी जोडतात. तिथे प्रमाणभाषा सुटते आणि अडचण सुरू होते.

यावरून पारखण्याचा एक सोपा नियम निघतो. जे भाग प्रमाणभाषा बोलतात, त्यांची काळजी करू नका. जे आपापली बोली बोलतात, तेवढेच तपासा. असे भाग फार नाहीत.

कोणता भाग कसा पाहावा?

प्रोसेसर. इंटेल किंवा एएमडीचा नेहमीचा प्रोसेसर असेल, तर गाभ्याला तो घरचाच. वेगळ्या घराण्याचे, म्हणजे ‘आर्म’ पद्धतीचे लॅपटॉप घेताना थांबा. २०२४ साली स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे बरेच विंडोज लॅपटॉप बाजारात आले. त्यांची बॅटरी पुष्कळ टिकते, पण त्यांतल्या चिपांची मांडणी मॉडेलागणिक वेगळी असते आणि प्रत्येक मॉडेलसाठी गाभ्याला आतला नकाशा स्वतंत्रपणे पुरवावा लागतो. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेतील प्रोसेसरांबाबतही तसेच. ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पातल्या मंडळींनी कंपनीच्या कागदपत्रांशिवाय, केवळ निरीक्षणाने एम१ आणि एम२ वर लिनक्स चालवून दाखवले. हे काम अभ्यासण्यासारखे आहे. पण पहिलाच लॅपटॉप घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

वायफाय. सर्वांत जास्त तक्रारी इथल्याच. इंटेलच्या वायफाय चिपांचे दुभाषे कंपनीच लिहिते आणि ते गाभ्यातच येतात, म्हणून त्या निर्धास्त. रियलटेक आणि मीडियाटेकच्या बऱ्याच चिपा चालतात, पण अगदी नव्या चिपांना वेळ लागतो. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांना वेगळा दुभाषा बसवावा लागतो. चिपच्या आत भरायचा ‘फर्मवेअर’ नावाचा आणखी एक छोटा प्रोग्रॅमही लागतो. डेबियनने तो आपल्या नेहमीच्या प्रतीत २०२३ च्या जूनमधील १२व्या आवृत्तीपासून घातला. त्याआधी अनेकांना तो स्वतंत्रपणे शोधावा लागे. वायफाय अडलेच, तर अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून फोनमधले ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. इंटरनेट मिळते आणि मग पुढची दुरुस्ती करता येते. शिवाय कित्येक लॅपटॉपांत वायफायचे कार्ड सुटे असते. ते बदलून घेता येते का, हे विचारून ठेवा.

चित्रचिप. इंटेल आणि एएमडीचे दुभाषे खुले असून गाभ्यातच असतात. एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. त्या कंपनीने आपला दुभाषा दीर्घकाळ बंद ठेवला. त्यावरून २०१२ साली फिनलंडमधल्या एका भाषणात टोरवाल्ड्स यांनी तिच्यावर भर सभेत फार कडक शब्दांत राग काढला होता. मे २०२२ मध्ये कंपनीने दुभाष्याचा गाभ्याला जोडणारा भाग खुला केला आणि परिस्थिती सुधारली. तरीही दोन-दोन चित्रचिपा असलेल्या खेळांच्या लॅपटॉपवर अधिक खटपट करावी लागते. खेळ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे जड काम करायचे नसेल, तर प्रोसेसरबरोबर येणारी इंटेल किंवा एएमडीची चित्रचिप तुम्हांला पुरेशी आहे. पैसेही वाचतात.

ठसा ओळखणारी चिप. हिची बोली बहुतेक कारखाने गुप्त ठेवतात. ती न चालण्याचीच तयारी ठेवा. पासवर्ड टाइप करावा लागेल, एवढेच नुकसान.

स्मृती आणि डिस्क. इथे दुभाष्याचा प्रश्न नाही, पण वर्षानुवर्षे वापरण्याचा आहे. काही लॅपटॉपांत स्मृतीच्या चिपा पाटीवर डाग देऊन पक्क्या केलेल्या असतात. पुढे वाढवता येत नाहीत. आठ जीबी आणि एक मोकळी खाच असेल, तर तो सौदा चांगला.

आणखी एक गैरसमज दूर करू. काही लॅपटॉप विंडोजशिवाय, ‘फ्रीडॉस’ घालून थोडे स्वस्त मिळतात. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजची किंमत त्यात धरलेली नाही. लिनक्स चालण्याची ती हमी नव्हे. हमी हवी असेल, तर उबुंटूच्या प्रकाशकांनी तपासून प्रमाणित केलेल्या मॉडेलांची यादी पाहावी. डेलने २००७ मध्ये उबुंटूसह लॅपटॉप विकायला सुरुवात केली. लेनोव्होने २०२० मध्ये आपली थिंकपॅड ही मालिका लिनक्ससाठी प्रमाणित करण्याचे जाहीर केले. कार्यालयांसाठी बनवलेल्या अशा मालिकांतले, दुरुस्त करून विकलेले जुने लॅपटॉप विद्यार्थ्याला पुष्कळदा उत्तम पडतात.

नवे मॉडेल की वर्षभर जुने?

लिनक्सचा नवा गाभा साधारण नऊ-दहा आठवड्यांनी प्रसिद्ध होतो. पण डिस्ट्रो तयार करणारे एक गाभा निवडून त्यावर कसून चाचण्या घेतात आणि मग आपली आवृत्ती काढतात. उबुंटूची दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते. एप्रिल २०२४ च्या आवृत्तीत ६.८ क्रमांकाचा गाभा होता. तो तयार झाला त्या दिवशी जी चिप जन्मालाच आली नव्हती, तिचे नाव त्याच्या यादीत असणार कसे?

म्हणून काल बाजारात आलेल्या मॉडेलपेक्षा वर्षभर आधीचे मॉडेल लिनक्ससाठी जास्त भरवशाचे. तोवर दुभाषे लिहून झालेले असतात, चुका सापडून दुरुस्तही झालेल्या असतात. शिवाय किंमत उतरलेली असते. नवेच घ्यायचे असेल, तर डिस्ट्रोही ताजी घ्या.

प्रयोग : घेण्याआधी चालवून पाहा

विज्ञानात वाद निरीक्षणाने मिटतो. लिनक्सची यात एक फार मोठी सोय आहे. ती डिस्कवर न बसवता, नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवता येते. त्यामुळे लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्का लागत नाही.

१. आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. त्यातले सारे पुसले जाणार आहे, हे ध्यानात असू द्या. मिंटच्या अधिकृत स्थळावरून सुमारे तीन जीबीची प्रत उतरवून घ्या. प्रत अचूक उतरली का, हे तपासण्यासाठी तिथे चौसष्ट षोडशमान अंकांची एक संख्या दिलेली असते. ती जुळवा. प्रतीतला एक बिट जरी बदलला, तरी ही संख्या पार बदलते.

२. ‘रूफस’सारख्या प्रोग्रॅमने ती प्रत पेनड्राइव्हवर उतरवा.

३. लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा. सुरू करताना डेल किंवा लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९ ही कळ दाबत राहा. येणाऱ्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

४. पडदा उजळल्यावर एकेक गोष्ट तपासून कागदावर खूण करा. वायफायची नावे दिसतात का आणि जोडणी होते का? आवाज येतो का, मायक्रोफोनमध्ये बोललेले उमटते का? कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणे, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणे, आतली डिस्क दिसणे, झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडणे, हे सारे नीट होते का?

५. आता ‘टर्मिनल’ उघडा. एल-एस-पी-सी-आय ही पाच लहान रोमन अक्षरे सलग लिहा. मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून के हे अक्षर लिहा. एंटर दाबताच आतल्या चिपांची यादी येईल. नेटवर्क, आवाज आणि चित्र यांच्या नोंदींखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे का, ते पाहा. ती असेल, तर दुभाषा कामावर रुजू आहे. नसेल, तर अडचण तिथे आहे.

या परीक्षेला अर्धा तास पुरतो. दुकानदाराला आधी विचारा, काय करणार ते समजावून सांगा. दुकानात प्रदर्शनासाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर बरेचजण करू देतात. नाहीच म्हटले, तर तोच लॅपटॉप कोणा ओळखीच्याकडे असल्यास तिथे पाहा.

दोन सावधगिरीच्या सूचना. पेनड्राइव्हवर ‘इन्स्टॉल’ असे चित्र दिसेल. दुसऱ्याच्या यंत्रावर त्याला हात लावू नका. स्वतःच्या यंत्रावरही आधी फाइलींची दुसरी प्रत काढा आणि मगच पुढे जा. दुसरी सूचना ‘सिक्युअर बूट’विषयी. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या डिस्ट्रो ते चालू असतानाही बहुतेक वेळा सुरू होतात. ते बंद करायची घाई करू नका. नव्या विंडोज लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंद केलेली असू शकते. अशा ठिकाणी सेटिंग बदलताच विंडोज अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते. ती आधी शोधून लिहून ठेवा.

झोपेची परीक्षा

लॅपटॉप मिटल्यावर तो झोपतो, म्हणजे काय होते? जुन्या पद्धतीत फक्त स्मृतीला वीज मिळे, बाकी सारे बंद. नव्या पद्धतीत फोनप्रमाणे सर्व भाग अगदी मंद अवस्थेत जागे राहतात. या पद्धतीत एकाही चिपचा दुभाषा चुकला, तर ती चिप रात्रभर टक्क जागी राहते आणि बॅटरी खाते. हे डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते.

लॅपटॉप घरी आल्यावर हे करा. बॅटरीवर तिची क्षमता वॅट-तासांत लिहिलेली असते. समजा, ती ५० वॅट-तास आहे. रात्री झोपताना टक्के लिहून झाकण मिटा आणि आठ तासांनी पुन्हा पाहा. पाच टक्के उतरले असतील, तर खर्च झाली २.५ वॅट-तास. भागिले ८ तास, म्हणजे सुमारे ०.३ वॅट. देवघरातल्या अर्ध्या वॅटच्या एलईडी दिव्याहूनही कमी. हे उत्तम. पण चाळीस टक्के उतरले असतील, तर २० वॅट-तास भागिले ८, म्हणजे २.५ वॅट. असे पाच दिवे बॅगेत रात्रभर जळत होते! मग डिस्ट्रोचा ताजा गाभा घेणे, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीची झोप मिळते का ते पाहणे, हे उपाय करता येतात.

विंडोज सोडावे का?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे. अभ्यासाचे लेखन, आकडेमोड, इंटरनेट, पायथन किंवा सी शिकणे यासाठी लिनक्स पुरेसे आहे. मराठी टाइप करण्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलकही त्यात असतो. पण घरच्या दुकानाचा हिशेब टॅलीत असेल, अभियांत्रिकीला ऑटोकॅड लागणार असेल, एखादी ऑनलाइन परीक्षा विंडोजवरच द्यावी लागत असेल किंवा युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमधला मराठी मजकूर जपायचा असेल, तर विंडोज ठेवलेच पाहिजे. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली सुखाने नांदू शकतात. कॉलेजात आधी चौकशी करा, मग ठरवा.

‘पी हळद नि हो गोरी’ अशी अपेक्षाही ठेवू नका. पहिले पंधरा दिवस हात चाचपडतो. मदत मात्र दूर नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी दोन दशकांपासून ‘वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप’ चालवतात. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही तयार केले आहेत. तिथल्याच ‘फॉसी’ प्रकल्पाने कमी किमतीचा एक छोटा लॅपटॉप निवडून, त्याच्या चिपांशी लिनक्स जुळवून घेऊन तो विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. यंत्र आणि प्रणाली यांचे जुळवणे हे शिकता येण्याजोगे काम आहे. ते आपल्याच राज्यात, विद्यार्थ्यांच्या वयाची मुले करत आली आहेत.

शाळेच्या संगणक-कक्षात विंडोज १० चे लॅपटॉप पडून असतील, तर शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून एक शनिवार या कामाला द्यावा. एक पेनड्राइव्ह आणि एक तपासणीचा तक्ता एवढे भांडवल पुरे. दहापैकी चार यंत्रे उभी राहिली, तरी चार मुलांना रोज एक तास संगणक मिळेल.

करून पाहा

१. घरातल्या किंवा शाळेतल्या लॅपटॉपच्या वायफाय चिपचे दोन्ही नंबर शोधा. कारखान्याचा नंबर दशमान पद्धतीत लिहा.

२. तुमचा माउस कोणत्याही संगणकावर चालतो, पण ठसा ओळखणारी चिप चालत नाही. कारण पाच ओळींत सांगा.

३. ५५ वॅट-तासांची बॅटरी दहा तासांच्या झोपेत आठ टक्के उतरली. सरासरी किती वॅट शक्ती खर्च झाली?

४. तुमच्या गावात विकत मिळणाऱ्या दोन लॅपटॉपांची तुलना करा. तक्त्यात किंमत आणि पडद्याचा आकार लिहू नका. फक्त चिपा लिहा. मग ठरवा, कोणता घ्याल?